ओठांच्या मापाचं वाक्य

मावशींना कुणी ओळखत नव्हतं, पण त्यांचा आवाज न ऐकलेलं घर शोधून सापडलं नसतं. बावीस वर्षं त्या एका परभाषेतल्या नटीला आवाज देत होत्या. त्या नटीने फार पूर्वी एका लांबलचक मालिकेत राणीचं काम केलं होतं, आणि तेव्हापासून लोक तिला महाराणीच म्हणत. तिकडे महाराणी रडली की इकडे मावशी रडत. ती पडद्यावर बाळंत झाली तेव्हा मावशींनी बंद खोलीत अशा काही किंकाळ्या फोडल्या होत्या, की बाहेर बसलेला रेकॉर्डिस्ट पाण्याचा ग्लास घेऊन आत धावला होता. दोघींची भेट मात्र एकदाही झालेली नव्हती. आपल्या तोंडून इतक्या लांबवर कोण बोलतंय याचा महाराणीला पत्ताही नसावा. मावशींची त्याबद्दल तक्रार नव्हती. दुकानात उभं राहून ‘अर्धा किलो कांदे द्या’ म्हटलं की चार माना वळायच्या, एवढ्यावर त्या खूश असत.

स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात होता. भिंतींना करडं गुबगुबीत कापड, समोर पडदा, मधे माइक आणि कागद ठेवायला एक तिरकी चौकट. महाराणीच्या भाषेतलं एक अक्षर मावशींना येत नव्हतं. शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर भाषांतर करून द्यायचे आणि मावशी ते महाराणीच्या ओठांवर बसवायच्या. पडद्यावरच्या बाईचे ओठ मिटले की इथल्या बाईच्या तोंडूनही ओठ मिटणारं काहीतरी यायला हवं, प नाहीतर ब नाहीतर म. आणि तिचे ओठ थांबले की वाक्य संपलेलं हवं. एक शब्द जरी उरला तरी बघणाऱ्याला ती भुताटकी वाटते. म्हणून शब्द कापायचे. कुठले कापायचे हे मावशींना कुणी सांगावं लागत नसे. ‘कदाचित’, ‘असं म्हणतात’, ‘माझ्या मते’ असलं भुसकट आधी उडवायचं आणि दाणा ठेवायचा. नवीन आलेल्या मुलींना त्या हेच शिकवत.

महाराणीचं वय झालं तसे सिनेमे आटले. नटीची कामं आटली की ती एकतर राजकारणात जाते नाहीतर आहारात. ही आहारात गेली. तिने आरोग्यावर गप्पांचा कार्यक्रम काढला. अनवाणी चाललं की पोटातले विकार पायातून जमिनीत उतरतात, म्हणे. आरशात बघून तीनदा हसलं की रक्त पातळ होतं, म्हणे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मावशी हेही सगळं बोलल्या. काम ते काम. घरी येऊन त्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी घ्यायच्या, आरशात न बघता.

तो भाग मुलांच्या आजारपणावरचा होता. त्यात एके ठिकाणी महाराणी कॅमेऱ्याकडे वळते, जरा थांबते आणि चार सेकंदांत भराभर काहीतरी बोलते. मास्तरांनी लिहून दिलं होतं, ‘मला नक्की ठाऊक नाही, मी काही डॉक्टर नाही, उगीच आईचं मन असेल, पण मला वाटतं त्या सुईनंतर माझं लेकरू गप्प झालं.’ तिकडच्या भाषेत एवढं सगळं चार सेकंदांत मावत होतं. आपल्या भाषेत मावेना.

“मावशी, लांबतंय,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याचे कान इतके तिखट होते की सगळे त्याला कानसेनच म्हणायचे. “तिचे ओठ मिटले आणि तुम्ही अजून डॉक्टरपाशीच!”

“थांब रे, डॉक्टरांनाच घालवते,” म्हणून मावशींनी पेन्सिल घेतली आणि ‘त्या सुईनंतर’च्या आधीचं सगळं खोडलं. उरलं, ‘त्या सुईनंतर माझं लेकरू गप्प झालं.’ म्हणून पाहिलं. ओठ जिथल्या तिथे मिटत होते. ‘गप्प’च्या आधी त्यांनी गळ्यात एक बारीकसा कंप दिला, त्यांचा हातखंडा होता तो. पहिल्याच टेकला काम झालं.

“मावशी, अंगावर काटा आला,” कानसेन म्हणाला. बाई खूश झाल्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना स्वतःहून चहा मागवला. आपण काय करून बसलोय हे त्यांना पुढचे दोन महिने कळणार नव्हतं.

मावशींना एकुलती एक लेक. ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची आणि आईपासून दोन गल्ल्या सोडून राहायची. लग्नानंतर आठ वर्षं वाट बघून तिला मुलगा झाला. तो इतका गुबगुबीत निघाला की नाव ठेवलेलं राहिलं बाजूला आणि सगळे त्याला ढब्बू म्हणू लागले. मावशींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी गेल्यावर दार उघडणारं कुणी नव्हतं. त्यामुळे ढब्बू म्हणजे जीव की प्राण. एरवी तो पाळणाघरात असे, पण गुरुवार मावशींचा. गुरुवारी त्या स्टुडिओत पाऊल टाकत नसत, मग महाराणी जगली काय नि मेली काय.

ढब्बूला दहावा महिना लागला. गोवराच्या लशीची तारीख आली आणि गेली.

“अगं, डोस देऊन आणलास का?” मावशींनी सहज विचारलं.

“नाही. आणि देणारही नाही.”

“का? सर्दी झालीय का त्याला?”

“सर्दीबिर्दी नाही. मी ठरवलंय.” लेकीने फोन पुढे केला. “हे ऐक.”

फोनच्या पडद्यावर महाराणी वळली, जरा थांबली आणि मावशींचा आवाज म्हणाला, ‘त्या सुईनंतर माझं लेकरू गप्प झालं.’ पुढे काही नाही, मागे काही नाही, एवढंच. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून सोडला होता आणि तो घरोघर फिरत होता. खोटं कशाला सांगा, मावशींना आधी बरंच वाटलं. टेक झकास बसला होता. अर्थ नंतर पोचला.

“अगं बाई, हे तर मी म्हटलंय!”

“तू आवाज दिलास. म्हटलं तिने.”

“तिने नाही असं म्हटलेलं! ती म्हणाली, मला ठाऊक नाही, मी डॉक्टर नाही, नुसतं वाटतं. ते सगळं मी उडवलं. बसत नव्हतं म्हणून उडवलं.”

“कुठे बसत नव्हतं?”

“ओठांवर, गं!”

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. गिऱ्हाईक चुकीचं अक्षर वाचत असलं की ती ज्या शांतपणे बघायची, तसंच. मग म्हणाली, “मागच्या डोसनंतर हा दोन दिवस कसा मलूल पडला होता, पाहिलंस ना तू?”

“ताप होता त्याला. ताप आल्यावर काय मूल नाचणार? तुलाही यायचा. उतरला की पुन्हा घर डोक्यावर घ्यायचीस.”

“तिचंही लेकरू गप्प झालं.”

“तिचं लेकरू एकोणीस वर्षांचा घोडा आहे! मोटरसायकलच्या जाहिरातीत घसा फोडून ओरडतो मेला. त्याला गप्प कसं करायचं हाच प्रश्न आहे!”

लेकीला हसू आलं. क्षणभर मावशींना वाटलं, जमलं. पण तिने ढब्बूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि हसू गेलं. “आई, मी लहान होते तेव्हा तू घरी नसायचीस. संध्याकाळी शेजारच्या काकू टीव्ही लावून द्यायच्या आणि तुझा आवाज यायचा. तेवढ्यावर मी झोपायची वेळ होईपर्यंत बसून राहायचे. त्या आवाजाने मला कधी फसवलं नाही.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांकडे गेल्या आणि मूळ भाषांतराचा कागद घेऊन आल्या. मास्तरांचं अक्षर सुबक, वाक्य पूर्ण, वर मावशींच्या पेन्सिलीची रेघ. लेकीने तो दोनदा वाचला. मावशी तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

“म्हणजे तिला वाटतं तरी ना?” लेक म्हणाली. “उगीच कशाला कुणाला काही वाटेल?”

जावई तिथेच बूट पुसत बसला होता. बिचारा गोगलगाय, ना अध्यात ना मध्यात. मावशींनी आशेने त्याच्याकडे पाहिलं. “आई, तुम्ही दोघी काय ते ठरवा,” तो म्हणाला आणि एक बूट पुसायचा राहिला तसाच कामावर निघून गेला.

लेक काही अडाणी नव्हती, हे मावशींना ठाऊक होतं. दिवसभर लोकांना बरं दिसावं म्हणून धडपडणारी मुलगी ती. पण आठ वर्षांनी हाती लागलेल्या मुलाबद्दल एकदा मनात भीती शिरली, की शहाणपण आधी दाराबाहेर जातं. आणि ती भीती आत घालणारी, गळ्यात कंप देऊन घालणारी, दुसरीतिसरी कुणी नव्हती. मावशींना जेवण जाईना.

मग त्या स्टुडिओच्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे तसा भला माणूस, वाढदिवसाला आठवणीने फोन करायचा. मावशींनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, “ते वाक्य मी पुन्हा बोलून देते. फुकट देते. ओठ नाही जुळले तरी चालतील.”

“मावशी, अहो, तुम्हाला कल्पना आहे का?” साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. “तो कार्यक्रम आठ भाषांत जातो. चालला फक्त आपल्या भाषेत! लोक फक्त ते एक वाक्य ऐकतायत. तिकडून निरोप आलाय, महाराणी बेहद्द खूश आहेत. इथल्या आयांची हजारो पत्रं गेलीत त्यांना. तुमचंच श्रेय हे!”

“मला नको ते श्रेय.”

“मग ऐका तर. त्या पत्रांवर त्यांनी नवीन भाग केलाय. उद्याच बसायचंय आपल्याला.”

मास्तरांनी आणलेला नवा कागद मावशींनी तिथेच उभ्याने वाचला. यात ‘ठाऊक नाही’ नव्हतं, ‘वाटतं’ नव्हतं. महाराणी म्हणत होती, इतक्या आया मला लिहितात म्हणजे ते खरंच असणार. मी आई आहे, मला कळतं. मुलांना सुई टोचू देऊ नका. म्हणजे आधी मावशींनी तिच्या तोंडी एक वाक्य घातलं, लोकांनी ते खरं मानलं, आणि लोकांनी खरं मानलं म्हणून आता तिने ते खरं मानलं. गंमत म्हणजे या वेळी कापायला काहीच नव्हतं. वाक्यं आयती ओठांच्या मापाची होती.

“मी हे बोलणार नाही,” मावशी म्हणाल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. “नका बोलू,” ते मऊपणे म्हणाले. “तुमचा बावीस वर्षांचा आवाज साठवलेला आहे आपल्याकडे. हल्ली यंत्र त्यातून हवं ते बोलतं. करारात आहे तसं, मावशी. तुम्ही सही केलीय.”

मावशींनी त्याच दिवशी काम सोडलं. आठवड्याने तो भाग लागला. मावशींनी आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर बसून, आपला आवाज न बोललेलं बोलताना ऐकला. यंत्राने कंपसुद्धा जागच्या जागी दिला होता. इतक्यात लेकीचा फोन.

“तू तर काम सोडलं म्हणालीस?”

“सोडलंच.”

“मग हे कोण बोलतंय?”

“यंत्र बोलतंय, बाळा.”

“बरं,” लेक म्हणाली. अख्ख्या जन्मात तिने आईवर इतका अविश्वास दाखवला नव्हता, तो या एका ‘बरं’मध्ये दाखवला.

कानसेनला या सगळ्याचं फार वाईट वाटत होतं. त्याने मावशींना आपल्या घरी बोलावलं, खिडक्या लावल्या, फोन उभा केला. मावशी साध्या कपड्यांत, साध्या चेहऱ्याने बोलल्या. महाराणीचा आवाज मीच. ती तसं म्हणाली नव्हती. मी शब्द कापले, चूक माझी. मुलांना लस द्या, मी हात जोडते. अडीच मिनिटांचं बोलणं झालं. कानसेनने ते सगळीकडे पाठवलं आणि दोघं उत्तरांची वाट बघत बसले. उत्तरं आली. ‘नक्कल बरी जमलीय आजी.’ ‘महाराणींचा आवाज चोरून पोट भरता, लाज नाही वाटत?’ ‘औषधवाल्यांनी किती दिले?’ ‘हल्ली यंत्राने काहीही करता येतं, सावध राहा.’ आणि एकाने तर कळवळून लिहिलं होतं, की बंधुभगिनींनो, खरा आवाज ऐकायचा असेल तर इथे ऐका, आणि खाली त्या यंत्राच्या भागाचा पत्ता दिला होता. कानसेनने फोन उपडा ठेवला. मावशींना हसावं की रडावं कळेना.

त्यानंतर त्या लेकीच्या मागेच लागल्या. सकाळी फोन, संध्याकाळी फेरी. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एक दिवस लेकीने ढब्बूला जावयाकडे दिलं, दार लोटलं आणि म्हणाली, “आई, एकच सांगते. माझ्या पाठीमागे काही केलंस तर ढब्बू तुला परत दिसणार नाही.” बोलताना तिने दाराची कडी सोडली नव्हती. मावशींनी लस हा शब्द त्या घरात पुन्हा काढला नाही.

पुढच्या बुधवारी पाळणाघरातल्या एका मुलीला गोवर निघाला. पाळणाघर आठ दिवसांसाठी बंद झालं. गुरुवारी सकाळी लेक ढब्बूला सोडायला आली तेव्हा तिनेच हे सांगितलं, चप्पल न काढता, घाईघाईने.

“अगं, काल हा तिथेच होता!”

“लहानपणी निघून गेलेला बरा असतो, सगळे म्हणतात,” लेक म्हणाली आणि आईच्या डोळ्यांकडे न बघता दुकानात गेली.

मावशी ढब्बूला मांडीवर घेऊन तासभर बसल्या. तो त्यांच्या चष्म्याची दांडी चावत होता. मग उठल्या, त्याला कपडे घातले आणि आरोग्य केंद्रात गेल्या. तिथे बाकावर अकरा जणी होत्या आणि भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र होतं. टोचणाऱ्या सिस्टर मध्यमवयीन, दमलेल्या, बोलायला फटकळ होत्या.

“वर्ष होत आलं? मग इतके दिवस काय करत होतात?” त्या म्हणाल्या. मावशींनी पाळणाघराचं सांगितलं तसा त्यांचा आवाज बदलला. “कालच ना? मग वेळेवर आलात. तीन दिवसांच्या आत दिली तर बहुतेकदा वाचतं मूल. आजी ना तुम्ही? सही करा इथे. आईला माहीत आहे ना?”

हो म्हणायचं होतं. एवढंच. बावीस वर्षं दुसऱ्याची रडणी, दुसऱ्याची लग्नं, दुसऱ्याचे शाप खरे करून दाखवणाऱ्या बाईला एक ‘हो’ जड नव्हता. सिस्टरनी मान वर करूनही पाहिलं नसतं. सुई तयार होती, ढब्बूची मांडी समोर होती, आणि मावशींनी तोंड उघडलं. पण त्यांच्या मनात आलं, पुन्हा? पुन्हा दुसऱ्या बाईच्या तोंडी, ती न बोललेलं वाक्य घालायचं? पहिल्यांदा घातलं त्याचं काय झालं? त्याच क्षणी लेकीचा कडीवरचा हातही आठवला. ढब्बू परत दिसणार नाही, म्हणाली होती. यातलं जास्त कशाने त्यांना अडवलं, हे त्यांना पुढे कधीच नीट सांगता आलं नाही.

“विचारते,” त्या म्हणाल्या.

“विचारा, पण लवकर. बारापर्यंतच आहे मी.”

मावशी ढब्बूला घेऊन दाराबाहेर आल्या आणि पायरीवरून लेकीला फोन लावला. सगळं खरं सांगितलं. मी केंद्राच्या दारात आहे. सिस्टर म्हणतात अजून वेळ आहे. तू हो म्हण, नुसतं हो म्हण, बाकी सगळं मी बघते. त्या आर्जवं करत होत्या आणि लायनीतल्या एकदोघी वळून बघत होत्या, हा आवाज ओळखीचा कसा म्हणून.

पलीकडे दुकानात तपासणी चालू होती. कुणीतरी अक्षरं वाचत होतं.

“नाही,” लेक म्हणाली. “घरी घेऊन जा त्याला.”

मावशी घेऊन गेल्या.

अकराव्या दिवशी ढब्बूला ताप आला. डोळे लाल झाले, नाक वाहू लागलं. पंधराव्या दिवशी कानामागे पुरळ उठलं आणि बघता बघता पोटापर्यंत उतरलं. लेक म्हणाली, निघेल आणि जाईल. जावई म्हणाला, डॉक्टरांना तरी दाखवू, आणि या वेळी त्याने कुणाचं ऐकलं नाही. तोवर ढब्बूची बरगडी न् बरगडी श्वासाबरोबर आत ओढली जाऊ लागली होती. गोवर छातीत उतरला होता. त्याला इस्पितळाच्या वेगळ्या खोलीत, काचेआड ठेवलं. डॉक्टर तरुण होती, कुणावर रागावली नाही. कागदावर लिहिताना तिने विचारलं, “लस झालेली?” लेक म्हणाली, “नाही.” डॉक्टरने तेवढंच लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

इस्पितळातल्या तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी काचेसमोरच्या बाकावर बसल्या होत्या. जावई औषधं आणायला खाली गेला होता. सकाळी डॉक्टरने सांगितलं होतं, की श्वास आपला आपण घ्यायला तो थकलाय, आता यंत्रावर घ्यावं लागेल, पुढचं आज काही सांगता येत नाही. काचेतून ढब्बूचा एक पाय तेवढा दिसत होता. बाकीचा सगळा नळ्यांखाली होता. तो इतका शांत पडला होता की मावशींना त्या पायावरून नजर काढवेना. त्या मनात दिवस मोजत होत्या. बुधवार, गुरुवार. दुसरा दिवस होता तो. वेळ होती.

लेक एकदम म्हणाली, “त्या दिवशी तू दारात होतीस ना?”

“हो.”

“सिस्टर होत्या? लस होती?”

“होती सगळी.”

“मग टोचून का नाही आणलंस?”

मावशींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लेकीचे डोळे कोरडे होते आणि ती खरंच विचारत होती. तिला उत्तर हवं होतं. उत्तर सोपं होतं, सगळ्या जगाला पटेल असं होतं. तू नाही म्हणालीस म्हणून. ते मावशींच्या जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. मुलाकडे काचेतून बघत बसलेल्या आईला ते कसं सांगायचं?

“सांग ना,” लेक म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. “मला काय कळत होतं? मी घाबरले होते, आई. तुला तर माहीत होतं. तुला सगळं माहीत होतं. मग माझं कशाला ऐकलंस?”

मावशींनी तिचा हात धरायला हात पुढे केला. लेकीने तो घेतला नाही, झिडकारलाही नाही. इतक्यात नर्सने दार अर्धं उघडलं आणि एकाच जणीला आत येता येईल म्हणाली. लेक उठली, तोंडावर मास्क चढवला आणि आत गेली. दार बंद झालं. मावशी बाकावर बसून राहिल्या, आणि बाजूला बसलेल्या अनोळखी बाईने तुमचा कोण म्हणून विचारलं तेव्हा त्यांना नातू हा शब्दही उच्चारता आला नाही.